शंकू पडला तरी थांबायचं नाही

ब्रेकताईचा राग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा स्टीअरिंगला दोन्ही हातांनी लटकले होते आणि समोर एका दुधाच्या व्हॅनचं मागचं दार अगदी नाकाला लागायचं बाकी होतं. गाडी मी थांबवली नव्हती, तिने थांबवली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. तिचा पाय त्यावर इतकी वर्षं होता की विद्यार्थ्यांनी तिला तेच नाव देऊन टाकलं होतं.

"बाई, आरसा काय शोभेला लावलाय?" ती म्हणाली. "केस विंचरायचे असतील तर घरी विंचरून या."

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. मला असं बोलणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं. पुढच्या वळणावर तिने डॅशबोर्डच्या कप्प्यातून लिंबाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "आता क्लच बरोबर सोडलात." तिचा राग असा होता. भडकायचा, बोलायचा आणि गोळी देऊन मोकळा व्हायचा. सगळ्यांनाच तो मानवायचा असं नाही. काही जण रडत उतरायचे, काही परत यायचे नाहीत, आणि त्यातल्या काहींच्या बाबतीत चूक तिची असायची, हेही मी सांगते.

अंगाने काटकुळी, केस मागे घट्ट बांधलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ. नवरा घरीच पडदे शिवायचा. तो गाडीत बसला की डोळे मिटून घ्यायचा आणि पोचल्यावर उघडायचा. "एवढा एकच माणूस माझ्या गाडीत शांत बसतो," ती म्हणायची.

या स्कूलमध्ये ती आली तेव्हा गाडीत नव्हती, काउंटरवर होती. काचेला एक अर्धगोल भोक, त्यातून पावत्या आत-बाहेर करायच्या, फोन घ्यायचे, तारखा द्यायच्या. बाहेर गाड्या यायच्या-जायच्या आणि ती काचेतून बघत राहायची. एक दिवस शिकवणारा आलाच नाही आणि विद्यार्थी बाहेर ताटकळला. म्हाताऱ्या मालकांनी तिला विचारलं, "तुला येते ना चालवायला? जा बस." ती जी बसली ती उठलीच नाही. मला एकदा म्हणाली होती, "बाई, त्या काचेमागे मी गप्प होते. इतकी गप्प, की नवऱ्याला वाटायचं माझा स्वभावच तसा आहे."

म्हातारे मालक आजारी पडले आणि स्कूल त्यांच्या जावयाच्या हाती आलं. सगळे त्याला जावईबापू म्हणत, तोंडावर साहेब. त्याने पहिलं काम केलं ते स्वतःचा हेल्मेट घातलेला फोटो भिंतीवर लावायचं. दुसरं काम केलं तेव्हा मी तिथेच बाकावर बसले होते. लायसन्स मिळाल्यावरही माझी भीती गेली नव्हती म्हणून अधूनमधून सरावाला जायची.

"ताई, तुमच्याबद्दल तक्रारी आहेत," तो म्हणाला. "परवा ती बँकेतली मुलगी रडत उतरली."

"ती सायकलवाल्याला उडवणार होती."

"उडवला तर नाही ना?"

"का नाही उडवला? माझा पाय होता म्हणून!"

"हेच ते. आवाज बघा तुमचा." तो काउंटरला टेकला. "पुढच्या महिन्यापासून तुम्ही आत बसा. फोन घ्या, तारखा द्या. गाडीवर नवी मुलं येतील. मला आता स्कूलला जरा स्पोर्टी करायचंय."

"काय करायचंय?"

"ऑटोक्रॉस. ऐकलंय कधी?"

तिने ऐकलं नव्हतं, मीही नाही. त्याने सांगितलं ते असं. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर रविवारी रबरी शंकू मांडून वाकडातिकडा रस्ता आखतात. त्यातून एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शंकू पाडला की दंडाचे सेकंद वेळेत जमा, रस्ता चुकला की ती फेरी बाद. कुणी कुणाच्या पुढे जात नाही, भांडण फक्त घड्याळाशी.

"शंकूंमधून गाडी काढायची? ते मी रोज शिकवते."

"तुम्ही पार्किंग शिकवता, ताई." हाताखालची मुलं हसली, तसा त्याला चेव आला. "या ना रविवारी. आपली स्कूलचीच गाडी घेऊन या. एक फेरी पूर्ण करून दाखवा, एकही शंकू न पाडता. वेळ कितीही लागू दे. मग मी काउंटरचं नाव काढणार नाही. तुमची सीट तुमची."

"शब्द?"

"शब्द."

ती बाहेर गेली आणि गाडीचं दार असं आपटलं की मी बाकावरून उठले.

रविवारी सकाळी मी तिच्याबरोबर गेले. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, दातांच्या डॉक्टरने, आम्हाला फाटकापाशीच गाठलं. तिला ऑटोक्रॉसचं वेड होतं. दर रविवारी स्वतःची छोटी गाडी घेऊन यायची. ब्रेकताईला बघून तिने आधी मिठी मारली आणि मग लगेच कामाला लावलं.

"ताई, गाडीत जे जे सुटं आहे ते बाहेर काढा. पायपुसणीसुद्धा."

"पायपुसणी काय करतेय तुझं?"

"वळणात घसरून ब्रेकखाली जाते. मग कळतं काय करते ते."

छत्री निघाली, पाण्याच्या बाटल्या निघाल्या, पाठीची उशी, गोळ्यांची पुडी, कुणाचा तरी एक चष्मा. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या बाहेर एक चादर अंथरून तो सगळा संसार मांडून बसले. डॉक्टरने टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरायला लावली आणि टायरच्या कडेला खडू फासला. वळणात टायर किती कलंडतो ते खडू पुसला गेला की कळतं म्हणे. दारावर चिकटपट्टीने आकडा लावला. उसनं हेल्मेट ब्रेकताईच्या डोक्यावर घागरीसारखं दिसत होतं. "हसू नका, बाई," ती मला म्हणाली. मी हसले नव्हते.

मग त्या दोघी रस्ता पायी चालायला निघाल्या. गाडी नेण्याआधी रस्ता पायी चालून पाठ करायचा, ही तिथली रीतच आहे. सगळी मंडळी घोळक्याने चालत होती, जावईबापू मध्ये उभा राहून हातवारे करत होता. डॉक्टर म्हणाली, "ही घोळक्यातली चाल विसरा, ही गप्पांची. आता आपण दोघीच परत चालू. आणि मग एकदा वाकून चाला, गाडीत बसल्यावर डोळे असतात तेवढ्या उंचीवरून. तिथून सगळे शंकू सारखे दिसतात."

"मला कंबर आहे, माहीत आहे ना?"

"म्हणूनच एकदाच सांगतेय. हा आडवा पडलेला शंकू म्हणजे बाण. टोक ज्या बाजूला, गाडी त्या बाजूने. वळणाच्या आधी ब्रेक संपवायचा, वळणात नाही."

"ब्रेक कुठे असतो ते तुला मी दाखवलं!"

"हो, आणि मी अजून विसरले नाहीये. पुढचं ऐका. शंकू पडला तर पडू द्या. थांबायचं नाही. तो उभा करायला माणसं असतात. कळलं? थांबायचं नाही."

"कळलं गं, मी काय बहिरी आहे?"

तिची पाळी आली. झेंडा खाली आला आणि स्कूलची ती पांढरी गाडी, छपरावर पाटीची रिकामी चौकट घेऊन, पुढे निघाली. पहिल्या वळणावर तिने इंडिकेटर दिला. दोरीपाशी हशा पिकला. दुसऱ्या वळणावर दुसऱ्या बाजूचा दिला. तिसऱ्याला मागच्या चाकाने एका शंकूला हलकंसं ढकललं. तो पडला.

आणि गाडी थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज मला इथपर्यंत आला. दार उघडलं, ब्रेकताई उतरली, शंकू उचलला, जागा दाखवायला आखलेल्या खडूच्या चौकोनात नीट ठेवला, हाताची धूळ झटकली आणि तशीच उभी राहिली.

लायसन्सच्या परीक्षेत शंकूला धक्का लागला की परीक्षक शिट्टी मारतो, गाडी जागीच थांबवायची, संपलं. हजारो वेळा तिने शेजारच्या सीटवरून हे बघितलं होतं. डॉक्टरने सांगितलेलं तिच्या कानांनी ऐकलं होतं, पायाने ऐकलं नव्हतं.

चारी बाजूंनी लाल झेंडे हलले. लोक हसून हसून वाकले. जावईबापूने टाळ्या वाजवल्या आणि ओरडला, "ताई, पास! पुढचा विद्यार्थी पाठवा!"

ती परत आली तेव्हा हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते, आणि ते बघून मी पाण्याची बाटली पुढे केली. "मला माहीत होतं थांबायचं नाही," ती म्हणाली. "माहीत होतं. पाय माझा आहे, मग तो त्या जावईबापूच्या बाजूने कसा?"

दुसऱ्या फेरीत ती थांबली नाही. रागाच्या भरात इतकी नाही थांबली, की मधलं एक वळण सोडून दोन शंकूंच्या भलत्याच दाराने बाहेर आली. फेरी बाद.

सकाळी दोन, दुपारी दोन अशा फेऱ्या असतात. आणि मधल्या वेळात आराम नसतो. अर्धी मंडळी गाडी चालवतात तेव्हा उरलेली अर्धी मैदानात ठिकठिकाणी उभी राहून पडलेले शंकू उभे करतात आणि वॉकीटॉकीवरून दंड कळवतात. ज्याने आत्ता शंकू पाडला तोच पुढच्या तासाला दुसऱ्याचे शंकू मोजतो. ब्रेकताईने उन्हात उभं राहून एका माणसाचे तीन शंकू कळवले. तो जवळून जाताना तिने त्याला "आरसा बघत जा" असंही सांगितलं.

दुपारी डॉक्टर तिच्या गाडीत शेजारी बसायला आली. नवख्याबरोबर जाणत्याने बसायची तिथे मुभा आहे. पण शेजारची सीट म्हणजे ब्रेकताईची सीट.

"पाय वर घे," ब्रेकताई म्हणाली. "माझ्या ब्रेकला पाय लावायचा नाही."

"मांडी घालून बसू का?"

"बस."

त्या फेरीत काय झालं ते डॉक्टरने मला नंतर सांगितलं. ब्रेकताईची नजर प्रत्येक वेळी सगळ्यात जवळच्या शंकूवर जायची, आता कोण मरतंय ते बघायला. सगळा जन्म तेच बघण्यात गेलेला. डॉक्टर शेजारून सांगत होती, "पुढचा बघा! त्याच्या पुढचा! हा गेला, सोडा तो!" एक शंकू पडला, गाडी थांबली नाही. पण शेवटच्या रेषेपार गेल्यावर ब्रेकताईने हेल्मेट काढून फटकन मांडीवर ठेवलं.

"माझ्यावर ओरडायचं नाही!"

"मी हळूच सांगत होते, ताई. गाडीत ते ओरडल्यासारखंच लागतं."

ब्रेकताईने हेल्मेट परत डोक्यावर चढवलं. मग म्हणाली, "उतर. शेवटची मी एकटी जाते."

शेवटची फेरी. ही गेली तर काच, अर्धगोल भोक आणि फोन. मी उभी राहिले आणि हातात चुरगळत बसले होते ती गोळ्यांची पुडी खाली पडली.

ती फेरी बघण्यासारखी नव्हती. जोराची नव्हती, चाकं किंचाळली नाहीत. इंडिकेटर मात्र लागला नाही. गाडी वळणाआधी मंदावायची, वळायची आणि पुढे सरकायची. ओळीने उभ्या शंकूंमधून सापासारखी जायची तिथे गेली, शेवटच्या अरुंद दारातून निघाली आणि मागे एकही शंकू हलला नाही. वेळेच्या फळ्यावर तिचा नंबर सगळ्यात खालचा. डॉक्टर नाचत होती. जावईबापू हेल्मेट बगलेत मारून तिथेच उभा होता. त्याच्या तोंडावर हसू होतं, पण ते कामापुरतं होतं.

"बघा, जमलं की," तो म्हणाला. "अभिनंदन." आणि स्वतःच्या गाडीकडे गेला. त्याची शेवटची फेरी राहिली होती आणि तो फळ्यावर पहिल्या जागेसाठी झगडत होता.

आता शंकू मोजायची पाळी आली म्हणून ब्रेकताई आणि डॉक्टर झेंडा घेऊन दोरीजवळच्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याची निळी गाडी आली. खरं सांगायचं तर तो सुरेख चालवतो. कोपऱ्यात गाडीची शेपटी बाहेर आली, एका शंकूला लागली आणि शंकू उभ्या उभ्या सरकला. पडला नाही.

उभ्या राहिलेल्या शंकूचं बूड खडूच्या चौकोनाला जरासं जरी टेकलेलं असलं तर दंड नाही. पूर्ण बाहेर असेल तर दंड. दुरून कुणालाच सांगता येत नव्हतं.

ब्रेकताई गुडघ्यांवर बसली. मग डांबरावर हात टेकून मान खाली घातली. बराच वेळ तशीच होती. डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हीच ठरवा. मी काही बघितलं नाही."

"बाहेर आहे," ब्रेकताई म्हणाली. तिचा चेहरा असा होता जणू त्या शंकूनेच तिचं वाटोळं केलं होतं. "बोटभर बाहेर आहे. मी काय करू? मी काय करू, सांग!" आणि वॉकीटॉकी उचलून तिने कळवलं, "एक शंकू." नंतर मला म्हणाली, "खोटं कशाला बोलू, बाई, आवाज जरा जास्तच मोठा लागला माझा."

जावईबापू पहिल्यावरून तिसऱ्यावर गेला. गाडी लावून तो फळ्यापाशी आला तो थेट तिच्याकडे.

"तुम्ही रागाने लावलात."

"खडू अजून आहे तिथे. चला दाखवते."

"एका शंकूसाठी?"

"एका शंकूवरून नापास होऊन घरी जाणारी माणसं मी रोज बघते. त्यांना कोणी विचारत नाही, एका शंकूसाठी का म्हणून."

त्याने मान हलवली, गॉगल लावला. "हा तुमचा स्वभाव. म्हणूनच म्हणतो, उद्यापासून काउंटरवर या."

"तुम्ही शब्द दिला होता."

"अहो, गंमतीत बोललो होतो ते! तुम्ही एवढं मनाला लावून घ्याल असं…"

"गंमत होती तर मी हसले का नाही?" ती ओरडली. अख्खं मैदान वळून बघायला लागलं. "मी पुस्तकं वाचलेली नाहीत, मला इंजिन उघडता येत नाही, माझा आवाज मोठा आहे. पण मी आज सकाळपासून तुमच्यासमोर हसं करून घेतलंय ते त्या एका सीटसाठी. लोक हसले, तुम्ही टाळ्या पिटल्यात. तेव्हा गंमत चालली होती. मी पार पाडलं आणि आता तो शब्द गंमतीचा झाला?"

तो गॉगलमधून भलतीकडेच बघत होता. स्पर्धेचे नियम सांभाळणारा, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक पंच तिथे होता, तो म्हणाला, हा तुमचा घरचा मामला. मी आयुष्यभर वर्गात आवाज न चढवता शिकवलं. त्या क्षणी मात्र मला तिच्याहून मोठ्याने ओरडावंसं वाटलं.

सोमवारी मी सकाळी सकाळी स्कूलच्या दारात गेले. झोप नव्हतीच. ब्रेकताई आधीच आली होती आणि गाडीत बसली होती, शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. कोपरांना पीठ लागलेला एक बेकरीवाला दाराशी घुटमळत होता. त्याचा वर्ग होता. आतून जावईबापू आला.

"ताई, उतरा."

ती काचेतून समोर बघत राहिली. "बस," ती बेकरीवाल्याला म्हणाली.

"साहेब म्हणतायत की…"

"तुझ्या वर्गाची वेळ झाली की नाही? बस."

तो बसला. जावईबापू गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि बॉनेटवर हात ठेवला. बेकरीवाल्याने किल्ली फिरवली, क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली. परत केली, परत बंद पडली.

"रस्त्यात कोणी मधे उभं असलं तर काय करायचं शिकवलंय मी?"

"हॉर्न."

"मग?"

"ताई, साहेबांना हॉर्न?"

"साहेबांना नाही. मधे उभं आहे त्याला."

त्याने हॉर्नला बोट लावलं. मांजराचं पिल्लू ओरडावं तसा आवाज आला.

"जोरात! रोज भट्टीत हात घालतोस आणि याला घाबरतोस?"

मग तो असा वाजला की समोरच्या दुकानदाराने शटर अर्ध्यावर धरून ठेवलं. जावईबापूने हात काढला, बाजूला झाला. गाडी हेलकावे खात रस्त्याला लागली.

"बघितलंत ना, बाई?" तो माझ्याकडे वळला. "हे असं आहे."

"बघितलं," मी म्हणाले. "आणि शब्द दिलात तो मी याच बाकावर बसून ऐकला होता. तो गंमतीचा नव्हता. पुन्हा कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, म्हाताऱ्या मालकांनी विचारलं तरी."

त्याने काउंटरचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. माफी कोणी मागितली नाही. काउंटरवर शेवटी एक नवी मुलगी आली. ब्रेकताई अजून त्याच सीटवर आहे आणि त्याच्याशी अजून एक शब्द बोलत नाही. गाडीत पेट्रोल संपत आलं की विद्यार्थ्याला आत पाठवते, "जा, त्यांना सांग, काटा खाली गेलाय."